पेलोरिया : विकृत आकार दर्शविणाऱ्या एका शब्दाचा अर्थ व उगम

इंग्रजी भाषेतील वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथांत ‘पेलोरिया’ हे नाम आणि त्यावरून साधलेले ‘पेलोरिक’ हे विशेषण वारंवार आढळते. ज्या फुलाचा स्वाभाविक आकार वरून व खालून भिन्न असावयाचा, तेच फूल कधी कधी सर्व बाजूंनी सारखे, चक्राकार असे उमलते. अशा फुलाला ‘पेलोरिक’ म्हणतात व या विकृतीला ‘पेलोरिया’ असे नाव आहे. शब्द लहान असला तरी त्याच्या पोटात मोठा इतिहास साठलेला आहे. मूळ ग्रीक भाषेत त्याचा संबंध राक्षसाशी आहे. एका निरुपद्रवी रानफुलाला राक्षसाचे नाव का द्यावे लागले आणि पुढे अडीचशे वर्षांत त्या नावाचा अर्थ कसा पालटत गेला, हे पाहिले असता निसर्गातील ‘प्रकृती’ व ‘विकृती’ यांविषयीच्या मानवी कल्पना कशा घडत गेल्या, याचे एक बोलके उदाहरण हाती येते.

फुलांचे दोन घाट

हा शब्द समजून घेण्यासाठी प्रथम फुलांच्या आकाराचा थोडा विचार केला पाहिजे. वांग्याचे फूल समोरून पाहिल्यास ते पाच टोकांच्या चांदणीसारखे दिसते. त्याच्या मध्यातून कोणत्याही पाकळीच्या मधोमध रेषा काढली, तरी फुलाचे दोन सारखे भाग होतात. अशा रचनेला अरीय सममिती म्हणतात, कारण तिची मांडणी चाकाच्या आऱ्यांप्रमाणे असते. तिळाच्या फुलाची गोष्ट निराळी आहे. ते नळीसारखे असून त्याच्या तोंडाशी वरचा व खालचा असे दोन ओठ असतात. त्याचे दोन सारखे भाग एकाच उभ्या रेषेने पडतात, जसे माणसाच्या चेहऱ्याचे पडतात. या रचनेला द्विपार्श्व सममिती हे नाव आहे.

पाकळ्यांप्रमाणेच पुंकेसरांतही हा भेद दिसून येतो. वांग्याच्या फुलात पाच सारखे पुंकेसर असतात. तिळाच्या फुलात चार असून त्यांतील दोन लांब व दोन आखूड असतात. तुळशीच्या इवल्याशा फुलातही अशाच दोन जोड्या असतात. ही बाब वरवर क्षुल्लक वाटते, परंतु अठराव्या शतकात सर्व वनस्पतींचे वर्गीकरण नेमके अशाच मोजणीवर उभे होते.

1742 मधील एक शोध

स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाचा माग्नुस झियोबर्ग हा विद्यार्थी 1742 साली स्टॉकहोमच्या उत्तरेकडील रोसलागेन या किनारपट्टीत वनस्पती गोळा करीत असता, तेथील एका बेटावर त्याला एक चमत्कारिक रोपटे आढळले. खोड, पाने, वास, सर्व काही ‘टोडफ्लॅक्स’ या युरोपभर उगवणाऱ्या साध्या रानवनस्पतीचे होते. टोडफ्लॅक्सचे फूल पिवळे व दोन ओठांचे असते. खालच्या ओठावर नारिंगी उंचवटा असतो आणि सर्वांत खालच्या पाकळीच्या बुडाशी मधाने भरलेली एक निमुळती शेपटी असते. ‘शुंडिका’ या नावाने ती ओळखली जाते. झियोबर्गला सापडलेल्या रोपट्यावरील फुलांना मात्र ओठ नव्हते. अरुंद नळीच्या तोंडाशी पाच सारख्या पाकळ्या आणि बुडाशी एकाच्या ठिकाणी पाच शुंडिका, अशी त्यांची रचना होती. आत पुंकेसरही पाच होते.

वाळवलेले हे रोप ओलोफ सेल्सियस या विद्वानाच्या हाती आले. उष्णतामापकाशी ज्याचे नाव निगडित आहे, त्या अँडर्स सेल्सियसचा हा काका. त्याने ते उप्साला येथील प्राध्यापक कार्ल लिनीअस याला दाखविले. लिनीअसला प्रथम वाटले की, कोणी तरी थट्टेने एका झाडावर दुसऱ्या झाडाची फुले चिकटविली आहेत. बारकाईने तपासल्यावर मात्र त्याची खात्री पटली की, येथे कसलीही लबाडी नाही. त्याने जिवंत रोपे मागवून घेतली आणि 1744 साली या वनस्पतीवर एक प्रबंध प्रसिद्ध झाला. डॅनिएल रुडबर्ग या विद्यार्थ्याने तो विद्यापीठात मांडला. त्या काळच्या स्वीडिश प्रथेप्रमाणे त्यातील विचार गुरूचेच होते. गायीच्या पोटी लांडग्याच्या तोंडाचे वासरू जन्मावे, तितकीच ही घटना आश्चर्यकारक आहे, असे लिनीअसचे मत होते. प्रबंधाचे नावच ‘पेलोरिया’ असे होते.

नावाची निवड

ग्रीक भाषेत ‘पेलोर’ म्हणजे अक्राळविक्राळ प्राणी, राक्षस अथवा अद्‌भुत वस्तू. होमरच्या महाकाव्यांत एकाक्ष राक्षस पॉलिफेमस याला हा शब्द लावलेला आहे. त्याचेच विशेषण ‘पेलोरिओस’ हे मात्र एजॅक्ससारख्या धिप्पाड वीराविषयीही योजिलेले आढळते. म्हणजे या शब्दात भय आणि विस्मय हे दोन्ही भाव एकत्र नांदतात. लिनीअसच्या मनातही त्या वेळी हे दोन्ही भाव होते, असे त्याच्या लेखनावरून दिसते.

विकृत आकाराला अद्‌भुताचे किंवा अशुभाचे नाव देण्याची ही रीत केवळ ग्रीकांची नव्हे. लॅटिनमध्ये विकृत प्राण्याला ‘मॉन्स्ट्रम’ म्हणत. इंग्रजीतील ‘मॉन्स्टर’ हा शब्द त्यावरूनच आला असून त्याच्या मुळाशी ‘इशारा देणे’ या अर्थाचा धातू आहे. ग्रीक ‘तेरास’ या शब्दाचा अर्थ दैवी चिन्ह किंवा अपशकुन असा होता. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ इझिदोर जॉफ्र्वा सेंट-हिलेर याने जन्मजात विकृतींच्या अभ्यासाला ‘टेरॅटॉलॉजी’ हे नाव रूढ केले, ते याच शब्दावरून. भारतातही हीच धारणा होती. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिता’ या ग्रंथात उत्पातांचा एक स्वतंत्र अध्याय आहे. प्रकृतीहून वेगळे जे काही घडते तो उत्पात, अशी तेथे व्याख्या केली असून वृक्षांतील, पिकांतील व प्रसूतीतील वैकृते ही राजा व राज्य यांच्यावरील भावी संकटांची चिन्हे म्हणून सांगितली आहेत.

या सर्व शब्दांत एक गृहीत समान आहे. विकृत आकार हा स्वतःबद्दल काही सांगत नसून दुसऱ्याच कशाची तरी सूचना देतो, असे ते गृहीत होय. या समजुतीची झळ जिवंत प्राण्यांना व माणसांनाही लागत असे. वेगळ्या आकाराने जन्मलेले मूल अनेक देशांत शतकानुशतके अशुभ मानले गेले आणि त्याच्या मातेच्या माथी दोष मारला गेला. त्यामुळे विकृतीचे खरे कारण शोधणे हा केवळ पांडित्याचा प्रश्न नव्हता.

वर्गीकरणाला बसलेला धक्का

लिनीअसला वाटलेल्या भयाचे कारण मात्र अपशकुनाचे नव्हते. 1735 साली प्रसिद्ध झालेल्या ‘सिस्टेमा नाचुरी’ या ग्रंथात त्याने सर्व वनस्पतींची 24 वर्गांत विभागणी केली होती आणि तिचा मुख्य आधार पुंकेसरांची संख्या व मांडणी हा होता. पाच सुटे पुंकेसर असलेल्या वनस्पती पाचव्या वर्गात जात. वांग्याचे स्थान तेथे होते. दोन लांब व दोन आखूड पुंकेसरांच्या वनस्पती चौदाव्या वर्गात जात. तीळ, तुळस आणि टोडफ्लॅक्स या तिन्हींचे स्थान तेथे होते. आता टोडफ्लॅक्सच्याच खोडावर पाच पुंकेसरांची फुले आलेली दिसत होती. पाने पाहावीत तर वनस्पती चौदाव्या वर्गातील, आणि फूल पाहावे तर ती पाचव्या वर्गातील. एका वर्गातील वनस्पती एकाच उडीत दुसऱ्या वर्गात गेली, असाच याचा अर्थ होत होता.

याहून गंभीर प्रश्न श्रद्धेचा होता. सृष्टीच्या आरंभी ईश्वराने जितक्या जाती निर्माण केल्या, तितक्याच आजही आहेत, त्यांत भर पडत नाही, असे लिनीअस सांगत आला होता. पेलोरिया ही नवी जाती असेल, तर ती आरंभी नव्हती हे उघड होते. टोडफ्लॅक्सवर दुसऱ्या एखाद्या वनस्पतीचे पराग पडून हा संकर झाला असावा, असा तर्क त्याने केला. तो तर्क चुकीचा ठरला. 1753 च्या ‘स्पीशीज प्लँटॅरम’ या ग्रंथात तर त्याने पेलोरियाला टोडफ्लॅक्सचाच एक प्रकार म्हणून नोंदविले. परंतु मनात शिरलेली शंका गेली नाही. आयुष्याच्या उत्तरार्धात त्याने संकरातून नव्या जाती उद्‌भवू शकतात, हे मत उघडपणे मांडले. आपल्या सिद्धान्ताशी न जुळणारा पुरावा त्याने दडपून ठेवला नाही, उलट त्याला सर्वांत ठळक नाव देऊन तो जगापुढे ठेवला, ही त्याच्या शास्त्रीय वृत्तीची साक्ष होय.

विशेष नामाचे सामान्य नाम

पुढील शंभर वर्षांत अशीच चक्राकार फुले इतर वनस्पतींतही आढळली. बागेतील स्नॅपड्रॅगन किंवा अँटिऱ्हिनम या झाडाचे फूल दोन्ही कडांनी दाबले असता त्याचा जबडा उघडतो. त्यातही कधी कधी जबडा नसलेली, नळीसारखी फुले येतात. डिजिटॅलिस या औषधी वनस्पतीच्या तुऱ्याच्या अगदी टोकाशी एखादे मोठे, वाटीसारखे समान पाकळ्यांचे फूल उमलते. त्यामुळे ‘पेलोरिया’ हे एका रोपट्याचे नाव न राहता एका प्रकारच्या विकृतीचे नाव झाले. इंग्रजीत ते याच अर्थाने रुळले. चार्ल्स डार्विनने 1859 च्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या ग्रंथात ते वापरले आहे. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ मॅक्सवेल मास्टर्स याने 1869 साली वनस्पतींच्या विकृतींवर जो मोठा ग्रंथ लिहिला, त्यात पेलोरियाचे दोन प्रकार सांगितले आहेत. एका प्रकारात फुलातील विषम अवयव लुप्त होऊन बाकीचे सारखे राहतात. दुसऱ्यात विषम अवयवच सर्व बाजूंना वाढतो. पाच शुंडिकांचे टोडफ्लॅक्स हे दुसऱ्या प्रकारचे उदाहरण होय.

या सुमारास बागवानांनीही राक्षसाला घरात घेतले. ग्लॉक्सिनिया या कुंडीतील शोभेच्या झाडाची मूळ फुले खाली झुकलेली व द्विपार्श्व असतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास स्कॉटलंडमध्ये त्यांची उभी, घंटेसारखी, चक्राकार फुलांची जात निघाली आणि ती इतकी आवडली की, आज दुकानात मिळणारी ग्लॉक्सिनिया बहुधा तीच असते. शास्त्राच्या परिभाषेत जे विकृत, तेच बाजारात मूळ रूप समजले जाऊ लागले.

डार्विनची मोजणी

पेलोरिक आकार संततीत कसा उतरतो, हे पाहण्यासाठी डार्विनने एक साधा प्रयोग केला. त्याने पेलोरिक स्नॅपड्रॅगनचा साध्या स्नॅपड्रॅगनशी संकर केला. पहिल्या पिढीतील सर्व झाडांना साधीच फुले आली. विकृती जणू नाहीशी झाली होती. या झाडांचे बी पुन्हा रुजविल्यावर 127 रोपे वाढली. त्यांपैकी 88 साधी, 37 पूर्ण पेलोरिक आणि 2 मधल्या स्वरूपाची निघाली. हे आकडे त्याने 1868 साली प्रसिद्ध केले.

आज कोणताही विद्यार्थी या आकड्यांत तीनास एक हे प्रमाण ओळखील. 127 रोपांत या प्रमाणाने सुमारे 95 व 32 अशी विभागणी अपेक्षित असते आणि इतक्या थोड्या रोपांत यदृच्छेने एवढा फरक पडू शकतो. ग्रेगोर मेंडेल याने वाटाण्यावरील प्रयोगांतून हाच नियम काढून तो 1866 साली छापला होता, पण त्याकडे 1900 सालापर्यंत कोणाचे लक्ष गेले नाही. डार्विननेही आपल्या आकड्यांचा अर्थ आजोळचे रूप परत येणे एवढाच लावला. आनुवंशिकतेचा नियम त्याच्या वाफ्यात उभा होता आणि तो विकृत फुलांच्या रूपाने उभा होता.

विकृतीचे कारण

कारणाचा उलगडा होण्यास विसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली. इंग्लंडमधील नॉरिच येथील जॉन इन्स केंद्रात एन्रिको कोएन व त्यांचे सहकारी स्नॅपड्रॅगनच्या फुलांचा अभ्यास करीत होते. 1996 साली त्यांनी फुलाचा आकार ठरविणारे एक जनुक वेगळे केले. त्याला ‘सायक्लॉइडिया’ असे चक्रावरून साधलेले नाव आहे. फुलाची कळी सूक्ष्मदर्शकाखेरीज दिसत नाही इतकी लहान असतानाच हे जनुक तिच्या केवळ वरच्या बाजूस कार्य करू लागते. त्यामुळे वरच्या पाकळ्यांना निराळे वळण लागते आणि वरचा पाचवा पुंकेसर वाढत नाही. या जनुकाला त्याच जातीच्या दुसऱ्या एका जनुकाचे साहाय्य असते. दोन्ही निकामी झाली की, वरची बाजू ही ‘वरची’ उरतच नाही. सर्व पाकळ्या सर्वांत खालच्या पाकळीसारख्या होतात आणि पाचही पुंकेसर वाढतात.

यावरून लिनीअसच्या कोड्याचा उलगडा होतो. टोडफ्लॅक्सची शुंडिका सर्वांत खालच्या पाकळीला असते. पाचही पाकळ्या खालच्या पाकळीसारख्या झाल्या की, शुंडिकाही पाच होणार. पाचवा पुंकेसर कोठून बाहेरून आला नव्हता. प्रत्येक साध्या फुलात त्याचा अंकुर असतोच, फक्त तो दाबून ठेवलेला असतो. चौदाव्या वर्गाची व पाचव्या वर्गाची गणती चुकली असे नव्हे, तर चौदाव्या वर्गातील प्रत्येक वनस्पतीत पाचव्या वर्गाची शक्यता लपलेली होती.

1999 साली पिलार कुबास, कोरल व्हिन्सेंट आणि एन्रिको कोएन यांनी टोडफ्लॅक्सच्या पेलोरिक रोपांचीच तपासणी केली, तेव्हा आणखी एक अनपेक्षित गोष्ट आढळली. जनुकात काही तरी मोडतोड झालेली असेल, अशी अपेक्षा होती. परंतु त्या जनुकाचा मजकूर साध्या रोपातील जनुकाप्रमाणेच होता. फक्त त्याच्यावर मिथिल नावाचे लहान रासायनिक गट मोठ्या प्रमाणात चिकटलेले होते आणि त्यामुळे ते जनुक मूक झाले होते. पोथीतील एकही अक्षर न बदलता ती रुमालात घट्ट बांधून ठेवावी, तसा हा प्रकार होय. ही बांधणी बियांतून पुढील पिढीत जाऊ शकते आणि कधी कधी ती सैल होऊन त्याच झाडावर पुन्हा ओठांची फुले येतात. निसर्गात सापडलेल्या आकारभेदाचे कारण जनुकाच्या मजकुरात नसून त्यावरील रासायनिक खुणांत असू शकते, हे दाखविणारे ते एक आद्य उदाहरण ठरले.

शब्दाचा आजचा अर्थ

पेलोरिक टोडफ्लॅक्सला बी फार थोडे धरते. साध्या फुलाचा खालचा ओठ भुंग्याला बसण्यासाठी पायरीसारखा असतो आणि त्याच्या वजनाने तोंड उघडून पराग नेमक्या जागी लागतो. चक्राकार फुलात ही सोय नसते. म्हणून हे रूप निसर्गात मुख्यतः जमिनीखालील पसरणाऱ्या मुळांसारख्या खोडांतून तग धरून राहते. त्या अर्थाने त्यात उणीव आहे, हे खरे. पण ही उणीव भुंग्याच्या संदर्भातील आहे. जेथे बागवानाचा हात परागणाचे किंवा अभिवृद्धीचे काम करतो, तेथे तीच वैगुण्य राहत नाही. विकृती ही आकारात असते, त्याहून अधिक ती आकार आणि परिस्थिती यांच्या संबंधात असते.

भारतातील वाचकाला याचा पडताळा दूर जाऊन घ्यावयास नको. कुंपणावरील गोकर्णीच्या वेलाला साधारणतः एक रुंद, निळी, पताकेसारखी पाकळी आणि मध्ये चार लहान पाकळ्या असलेले फूल येते. पूजेसाठी लावल्या जाणाऱ्या दुहेरी गोकर्णीत मात्र पाचही पाकळ्या पताकेसारख्या रुंद होऊन फूल भरगच्च दिसते. टोडफ्लॅक्समध्ये सर्व पाकळ्या खालच्या पाकळीचे रूप घेतात, येथे सर्व पाकळ्या पताकेचे रूप घेतात. दोन्ही फुले तोडून शेजारी ठेवावीत, पाकळ्या एकेक करून सुट्या कराव्यात आणि पुंकेसर जोडलेले आहेत की सुटे आहेत, हे भिंगाने पाहावे. ज्या भेदाने लिनीअसला अचंबित केले, त्याच जातीचा भेद शाळेच्या बाकावर पाहावयास मिळतो.

‘पेलोरिया’ या शब्दाचा मूळ अर्थ राक्षस हा आहे आणि शब्दकोशात तो तसाच राहील. मात्र आज वनस्पतिशास्त्रज्ञ तो शब्द उच्चारतो, तेव्हा त्याच्या मनात कळीच्या वरच्या बाजूस मूक झालेल्या एका जनुकाची कल्पना असते. फूल 1742 साली जसे होते तसेच आज आहे. त्याच्याविषयीचे भय गेले, कारण त्याचे कारण कळले.